गेन्ता कोण करणार?

“आजी?” नागाहोरी बाईंनी काड्यांमध्ये धरलेली शेवई वाडग्यात परत सोडली. “कुणाची आजी?”

“गेन्ताची,” साकुमा म्हणाला आणि सूप पिण्याचं निमित्त करून त्यानं तोंड वाडग्यात लपवलं.

“गेन्ता तर मी आहे.”

“मालिकेत तुम्हीच, इने-सान. मालिकेत कोण नाही म्हणतंय? पण हा सिनेमा आहे.”

“सिनेमात गेन्ता मोठा झालाय?”

“नाही. दहाच वर्षांचा आहे.”

“मग मी कशी म्हातारी झाले?”

साकुमानं तोंड पुन्हा वाडग्यात घातलं. ह्याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण मी कुत्रा होतो, आणि अशा वेळी कुत्र्यानं मधे बोलू नये.

थांबा, उलगडून सांगतो. गोष्ट टोकियोची आणि मी कोल्हापूरचा, आडनाव पोतनीस. ऑइल इंजिनं बनवणाऱ्या आमच्याकडच्या एका कारखान्यानं मला जपानी शिकायला तिकडं धाडलं. माझी भाषा शिकून होईतो इकडं कारखान्याला कुलूप लागलं. परत कोण बोलावणार? मग पोटासाठी पडेल ते काम केलं, आणि पदरी पडलं काय, तर भुंकणं. कोल्हापुरात आमच्या घरामागंच सिनेमाचा स्टुडिओ होता. बैल, घोडे, कोंबडे ह्यांचे आवाज काढून दाखवायचे आणि बदल्यात भजी खायची, हे माझं बालपण. ते शिक्षण कामाला आलं. जपानी नट कुत्रा करायचे तो फार सभ्य व्हायचा; पाहुण्याला ‘या, बसा’ म्हटल्यासारखा भुंकायचा. माझा कुत्रा रंकाळ्यावरचा. मी स्टुडिओत पहिल्यांदा भुंकलो तेव्हा शेजारच्या इमारतीतलं मांजर जे गच्चीवर गेलं ते, म्हणतात, अजून उतरलेलं नाही.

तर आमची मालिका लहान मुलांची, चित्रांची. नायक गेन्ता. नदीवर होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा नातू. उनाड, बोलघेवडा, दर आठवड्याला पाण्यात पडणारा. त्याचा कुत्रा कुरो, म्हणजे आपल्याकडचा काळू. काळू मी. आणि गेन्ताचा आवाज नागाहोरी इने ह्यांचा. वय पासष्टीपुढं, उंची माझ्या खांद्याखाली, पण माइकपुढं उभ्या राहिल्या की खोलीत एक खरचटलेल्या गुडघ्यांचा पोरगा घुसायचा.

बाई सोळाव्या वर्षी सिनेमात आल्या. तेव्हाचे दिग्दर्शक त्यांच्याकडं बघून म्हणायचे, ही पोरगी मरायला छान आहे. मग बाई मरत राहिल्या. क्षयानं मेल्या, विरहानं मेल्या, हिमवादळात मेल्या, एकदा तर नुसत्या सासूच्या टोमण्यांनी मेल्या. “इतक्यांदा मेले,” त्या सांगत, “की शेवटी माझ्या आईनं रडणं सोडलं आणि शेंगा घेऊन बसायला लागली.”

चेहऱ्याचे दिवस सरले तशा त्या आवाजाकडं वळल्या. टीव्ही नवा होता. परदेशी चित्रपटांना जपानी आवाज द्यायचे, आणि तेही थेट प्रक्षेपण चालू असताना. समोर चित्र, मधे एकच माइक आणि त्याभोवती डझनभर नट. आपलं वाक्य संपलं की पावलाचा आवाज न करता मागं, उजवीकडं सरायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. कुणी शिंकलं तर सगळं टोकियो ऐकायचं. बाई म्हणायच्या, “आम्ही आधी मागं सरायला शिकलो, मग बोलायला.” दिग्दर्शक साकुमा त्या खोलीत टेपांची रिळं वाहणारा पोरगा होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते, पण बाई त्याला ‘साकुमा-कुन’ म्हणायच्या. ‘कुन’ म्हणजे आपल्याकडचं ‘अरे बाळ’. मला मात्र ‘इनु-सान’. इनु म्हणजे कुत्रा. कुत्रेसाहेब. आणि मी त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी.

तर साकुमानं वाडग्यातून तोंड वर काढलं.

“होशिना-सानचं म्हणणं आहे की गेन्ताचा आवाज पिकलाय.”

होशिना हा चॉकलेटच्या कंपनीचा माणूस. सिनेमाला पैसा त्या कंपनीचा होता, म्हणून शब्दही त्याचा.

“पिकलाय? मी काय फळ आहे?”

“त्यांना तरुण आवाज हवाय. ती गाणारी रेका आहे ना, तिच्यासारखा. शनिवारी चाचणी ठेवलीय. आमच्या खोलीच्या काचेवर पडदा ओढून. माइकपुढं कोण आहे ते आम्हाला दिसणारच नाही, फक्त नंबर. मी ओळखीचं माणूस घुसवीन अशी शंका आहे त्यांना.”

“छान,” बाई म्हणाल्या.

“छान काय? इने-सान, तुम्ही येऊ नका. हात जोडतो. नाही निवडलं तर अपमान तुमचा, आणि निवडलं तर लोक म्हणणार, म्हातारीची दया आली.”

“साकुमा-कुन, शेवई गार होतेय तुझी.”

इतकंच. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांनी माझी बाही धरली.

“इनु-सान, शनिवारी तू आहेस?”

“आहे की. येईल त्या गेन्तासमोर भुंकायचंय मला.”

“मग गप्प राहायचं.”

“सेन्सेई, भुंकू की गप्प राहू?”

“भुंक. पण माझ्याबद्दल गप्प राहा. मी येणार आहे.” मग चालता चालता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “दुसऱ्या कुणी माझ्याहून बरा गेन्ता केला तर मी आजी करीन. कुबड काढून करीन, दात काढून करीन. पण ऐकून ठरवा म्हणावं. जन्मतारीख बघून नाही.”

शनिवारी स्टुडिओच्या बोळात उमेदवारांची रांग लागली. नाटक शाळेतल्या पोरी, दोन-चार खरे पोरगे, त्यांच्या आया. दाराशी एका डब्यातून नंबराची चिठ्ठी उचलायची. बाई आल्या त्या तोंडाला मास्क आणि डोक्यावर विणलेली टोपी घालून. पण धंद्यातल्या पोरींना फसवता येतं होय? पहिलीनं बघितलं, दुसरीला कोपर मारलं आणि सगळ्या रांगेनं उठून कमरेत वाकून नमस्कार केला. एक खुर्ची करकरली नाही. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सगळ्या बसल्या, तेही बिनआवाज.

न उठलेली एकच. रेका. तिचं गाणं तेव्हा दुकानादुकानांतून वाजायचं, पण ह्या धंद्यात ती नवी. तिनं स्वतःच्या बाजूची जागा पुसली. “आजीबाई, इथं बसा. नातू आत गेलाय का?”

“अजून जायचाय,” बाई म्हणाल्या आणि बसल्या.

रेकाचा नंबर आधी आला. खरं सांगायला हवं, पोरगी चांगली होती. आवाज स्वच्छ, हसू मोकळं. पडद्यापलीकडून स्पीकरवर होशिना म्हणाला, “वा!” त्यानंतरचे सगळे मला अंधुकच आठवतात. मी भुंकत होतो आणि दाराकडं बघत होतो.

“सात नंबर,” स्पीकर बोलला.

बाई मोजे घालून आत आल्या. मास्क काढला, पण टोपी तशीच. माझा माइक बाजूला होता, त्यांचा मधे. प्रसंग असा की गेन्ता काळूला झापतो.

“कुरो! माझा भाताचा मुटका कुणी खाल्ला? इकडं बघ. खोटं बोलू नको, मिशीला शीत लागलंय तुझ्या!”

मी मान खाली घातली. खरंच घातली, कागदावर लिहिलेलं नव्हतं. मुटका मीच खाल्ला असं वाटलं मला.

आणि मग मी ते पाहिलं. वाक्य संपलं की बाई मागं सरत होत्या. एक पाऊल मागं आणि उजवीकडं. पुढचं वाक्य आलं की परत पुढं. माइक त्यांचा एकटीचा होता, रांगेत मागं कुणी नव्हतं, तरी त्या जागा करून देत होत्या. पावलाचा आवाज नव्हता, पण माणूस माइकपासून लांब गेला की त्याचा श्वासही लांब जातो. होशिनाला ते कळणार नव्हतं. साकुमाला न कळणं शक्य नव्हतं. त्या एका माइकच्या खोलीतच वाढला होता तो. मी डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, शेपटी असती तर तीही आपटली असती. बाईंचं लक्ष समोर चालू असलेल्या चित्रातल्या गेन्ताकडं.

स्पीकर खरखरला. साकुमाचा आवाज आला, अगदी हळू.

“सात नंबर. मागं सरू नका. तुमच्या मागं कुणी उभं नाही.”

बाई मधल्या जागी तशाच थांबल्या. मागं वळून त्यांनी रिकामी फरशी पाहिली. मग माइकपाशी आल्या आणि गेन्ताच्या आवाजात म्हणाल्या, “नसेना! कुणी आलं तर जागा नको?”

“साकुमा-सान, मधेच काय थांबवलंत?” होशिना ओरडत होता. “हाच तो! रेका-सान बरी आहे, पण हा पोरगा... हा तर गेन्ताच आहे! कुठून आणलात?”

साकुमानं दोरी ओढली. काचेवरचा पडदा सरकला. पलीकडं होशिना हसत उभा होता. मग हसू ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं, असं काहीतरी झालं.

तो आत आला. माणूस वाईट नव्हता. आधी वाकून नमस्कार केला.

“नागाहोरी-सान, माझ्या कानांनी तुम्हाला निवडलं. ते मी नाकारत नाही.”

“मग?”

“पण शेवटच्या रिळात पूर येतो. आजोबांची होडी वाहून जाते आणि गेन्ता हाका मारत काठानं धावतो. अख्खं रीळ धावतो. मुलांची छाती फुटायला हवी ते बघून. तिथं तुमचा दम कमी पडला तर सिनेमा तिथंच बुडेल.”

“चित्र तयार आहे?”

“पेन्सिलीचं आहे. कच्चं.”

“लावा.”

“इने-सान,” साकुमा मधे पडला, “आपण ते तुकड्यातुकड्यांनी घेऊ. सगळे तसंच करतात.”

“नदी तुकड्यातुकड्यांनी वाहते का रे?”

होशिनानं चष्मा नीट केला. “एकदाही न थांबता झालं, तर गेन्ता तुमचा. कंपनीत मी भांडीन.”

“आणि थांबले, तर आजी माझी,” बाई म्हणाल्या. “इनु-सान, कुठं निघालास? काळू काय घरी बसणारे?”

खुर्च्यांवरच्या गाद्या जमिनीवर टाकल्या, म्हणजे पाय वाजायला नकोत. बाईंनी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. लाल दिवा लागला.

पडद्यावर नदी फुगली होती. बाई गादीवर जागच्या जागी धावायला लागल्या, पासष्टीपुढची बाई, कोपरं अंगाशी आवळून. “आजोबाऽऽ! वल्हं सोडू नका! आजोबाऽऽ!” काळू पुढं धावतो, भुंकतो, वळून बघतो, पुन्हा भुंकतो. मीही धावत होतो. मी चाळिशीतला गडी, लाल मातीत घुमलेला, असं मी तरी तिकडं सगळ्यांना सांगितलं होतं. अर्ध्या रिळात माझ्या छातीचा भाता फाटला. गेन्ता दगडांवरून उडी मारत होता, चिखलात पडत होता, उठत होता. प्रत्येक वेळी बाईंचा आवाज पडायचा आणि उठायचा. मी बरगड्यांना धरून उभा राहिलो. पडद्यावर काळू उंच खडकावर चढला, मान वर केली, जबडा उघडला. माझ्या तोंडातून हवासुद्धा येईना. तिथं काळू मुका राहिला असता तर रीळ थांबलंच म्हणायचं.

काळू भुंकला.

रंकाळ्यावरचा कुत्रा, अस्सल, शेपटीसकट. मी तर भुंकलो नव्हतो. मी बाईंकडं बघितलं. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती. दोन हाकांच्या मधे जो श्वास घ्यायचा, तो न घेता त्या माझ्या वाट्याचं भुंकल्या होत्या. आणि एकदाच नव्हे. रीळ संपेपर्यंत गेन्ताही त्याच आणि काळूही त्याच. खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी तिथं होतो, डोक्यावर विणलेली टोपी घालून.

शेवटची हाक गेली. पूर ओसरला. लाल दिवा विझला.

होशिनानं चष्मा काढून हातात धरला होता. त्यानं नाव घेतलं नाही. “सात नंबर,” तो म्हणाला. “ठरलं.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “आणि कुत्राही उत्तम हं. शेवटी शेवटी तर फारच.”

बोळात रेका आडवी आली. आता तिला कुणीतरी सांगितलं होतं. “मी तुम्हाला आजीबाई म्हणाले,” ती रडवेली होऊन म्हणाली. बाईंनी तिचा गाल थोपटला, पण बोलल्या नाहीत. मला वाटलं, हा मोठ्या नटीचा तोरा. जिन्यात मी म्हणालो, “सेन्सेई, कुत्र्याचं कौतुक झालं ते तुमचं बरं का.” त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं झालं. बस. पुन्हा प्रयत्न केला, तेवढंही नाही. त्यांनी कठडा धरला आणि खालच्या पायरीवर बसल्या. इतक्या वेळा मेलेल्या बाई, पण असा चेहरा मी त्यांच्या एकाही सिनेमात पाहिला नव्हता.

घशाच्या डॉक्टरनं आरसा घालून बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. आत रक्त साकळलं होतं. तीन आठवडे एक शब्द नाही, कुजबूजही नाही, खाकरणं नाही. मग आवाज येईल. किंवा येणार नाही. “मधे येतोय का म्हणून बघायचं नाही,” तो म्हणाला. “बघायला जाल तर जाईल.”

सिनेमाचं ध्वनिमुद्रण बरोबर तीन आठवड्यांनीच सुरू व्हायचं होतं.

“साकुमाला सांगून टाकतो,” मी म्हणालो. “तारीख पुढं ढकलतील.”

बाईंनी माझा कान पिळला. असा पिळला की मला आमचे चौथीचे मास्तर आठवले. तारीख पुढं गेली असती तर होशिना पुन्हा विचार करायला बसला असता, आणि बाईंना त्याच्या विचारांवर एवढा भरवसा नव्हता.

मग मी रोज त्यांच्याकडं जाऊन टेलिफोनपाशी बसायचो.

“इने-सान कुठंयत?” साकुमा विचारायचा.

“देवळात गेल्यात.”

“कालही देवळातच होत्या!”

“पापं फार आहेत म्हणतात. सिनेमावाल्यांत आयुष्य गेलं ना.”

स्वयंपाकघरातून माझ्यावर सपात आली. बाई दाराशी उभ्या राहून हसत होत्या, नुसते खांदे हलत होते, आवाजाचा टिपूस नाही. मासळीवाल्याकडं त्या बोटानं दाखवायच्या. भावात फसवलं तर डोळे वटारायच्या, तो भाव उतरवायचा. झोपेत बोलायला नको म्हणून जबड्याला फडकं बांधून झोपायच्या. आदल्या संध्याकाळी मात्र माझा धीर सुटला.

“सेन्सेई, उद्याच आहे. एकदा ‘आ’ तरी करून बघा. तुम्हाला नसेल गरज, मला आहे. मला आज घास जायचा नाही.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्यापुढं भात वाढून ठेवला.

सकाळी स्टुडिओत सगळे जमले. एकमेकांना नमस्कार-चमत्कार झाले. बाई सगळ्यांना वाकल्या, बोलल्या कुणाशीच नाहीत. लोकांना वाटलं, तंद्री लागलीय. आजीच्या भूमिकेला कोण होतं, विचाराल तर रेका. तिनं ती मागून घेतली होती. आजी व्हायला वय लागत नाही, हे तिनं त्या दिवशी बोळात बसून स्वतःच ताडलं म्हणे.

“इने-सान,” स्पीकरवर साकुमा म्हणाला, “आवाज तपासायला एक वाक्य द्या.”

बाईंनी मान हलवली आणि लाल दिव्याकडं बोट केलं. लाव.

“एकच वाक्य. नुसतं ‘हूं’ म्हणा हवं तर.”

पुन्हा तेच बोट.

काचेपलीकडून साकुमानं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या मोज्यांकडं पाहिलं. त्याच्या मागं होशिना बसला होता, पेन्सिल कानावर. साकुमा पुढं वाकून म्हणाला, “बरं. घ्या.”

लाल दिवा लागला. पडद्यावर नदी, तिच्यावर सकाळचं धुकं. धुक्यातून काळू पळत येतो. मी भुंकलो. माझं भुंकणं त्या दिवशी थरथरलं, नीट ऐकलंत तर सिनेमात अजून कळतं. मग बांधावर गेन्ता चढला, कमरेवर हात ठेवले आणि तोंड उघडलं.

बाई माइकपाशी गेल्या. छाती भरून घेतली.

“आजोबाऽऽ! होडी सोडू नका! मी आलोय!”

नदीच्या पार जाणारा, उनाड, दहा वर्षांचा. काचेपलीकडं होशिनानं कानावरची पेन्सिल काढली आणि कामाला लागला.

तीन आठवडे. घशात आवाज उरलाय की नाही एवढं बघण्यापुरतासुद्धा बाईंनी एक शब्द खर्च केला नव्हता. पहिला जो निघाला, तो गेन्ताला दिला.